डावे-उजवे

निरोगी माणूस म्हणून आमची निवड झाली. गेल्या कित्येक वर्षांत आमची अन्य कशासाठी निवड झाल्याचे स्मरत नाही, त्यामुळे या निवडीचे आम्हांला अंमळ अप्रूप वाटले हे कबूल केले पाहिजे. आमची एक जुनी विद्यार्थिनी, अकरावी-बारावीला आमच्याकडे मराठी शिकलेली आणि पुढे वैद्यकाकडे गेलेली, शरीरक्रियाशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करीत होती. तिला पायांतील रक्तप्रवाह मोजायचा होता. रुग्ण तिला हवे तेवढे मिळत होते. अडचण निरोगी माणसांची होती. साठी ओलांडलेला, तंबाखू न खाणारा आणि न ओढणारा, मधुमेह नसलेला, रक्तदाबाची गोळी न घेणारा इसम सापडणे किती दुर्घट आहे हे तिने फोनवर सविस्तर सांगितले, आणि मग जरा थांबून विचारले, "सर, तुम्ही याल का?"

आम्ही गेलो. अटी अशा होत्या की आधी चहा-कॉफी घ्यायची नाही, पोटभर जेवायचे नाही, खोलीत गेल्यावर वीस मिनिटे उताणे पडून राहायचे आणि बोलायचे नाही. मराठीच्या मास्तरला यांतले शेवटचे कलम किती जड गेले असेल हे वाचक जाणतातच. पाय उशांवर थोडे उंच ठेवले होते. दोन्ही मांड्यांना रक्तदाब मोजताना बांधतात तसले पट्टे, दोन्ही घोट्यांना त्याहून लहान पट्टे, आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती एकेक बारीक नळी, तीत द्रवरूप धातू. पोटरी किंचित जरी फुगली तरी नळी ताणली जाते, धातूची धार बारीक होते, तिच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध वाढतो, आणि पडद्यावर रेघ चढते. 1953 साली व्हिटनी नावाच्या शास्त्रज्ञाने ही युक्ती वापरली तेव्हा रबरी नळीत पारा होता. आता पारा गेला, युक्ती राहिली.

मोजण्याची रीत तिने आम्हांला समजावून सांगितली, आणि ती इतकी साधी निघाली की आम्ही पडल्या पडल्या चकित झालो. मांडीचा पट्टा पाऱ्याच्या साधारण 50 मिलिमीटरइतक्या दाबाने फुगवायचा. एवढ्या दाबाने वरवरच्या आणि खोलच्या नीला मिटतात, पण रोहिणी मिटत नाहीत. (शाळेच्या पुस्तकात आम्ही रोहिणी आणि नीला हीच नावे शिकलो. एखाद्या कौटुंबिक कादंबरीतील दोन बहिणी शोभाव्यात अशी ही नावे सोडून धमनी आणि शिरा म्हणायला आमची जीभ अजून वळत नाही.) म्हणजे पायात रक्त येत राहते आणि परत जाऊ शकत नाही. पोटरी फुगू लागते. पहिल्या काही सेकंदांत ती ज्या वेगाने फुगते, तोच रक्त येण्याचा वेग. मग पट्टा सैल करायचा, रक्त जाऊ द्यायचे, पुन्हा आवळायचा. घोट्याचा पट्टा मात्र पुरता आवळलेला, कारण पावलात बहुतेक कातडीचाच कारभार असतो आणि कातडीतले रक्त खोलीच्या थंडी-उन्हाप्रमाणे चंचल असते. ते हिशेबात आले तर पोटरीतल्या स्नायूंचे गणित बिघडते. आकडा निघतो तो असा : पोटरीच्या दर शंभर मिलिलिटरमागे, दर मिनिटाला, इतके मिलिलिटर रक्त.

ही युक्ती मुळात विल्यम हार्वेची, हे कळल्यावर आम्हांला जुना मित्र भेटल्यासारखे झाले. 1628 साली फ्रँकफुर्ट येथे छापल्या गेलेल्या त्याच्या लहानशा लॅटिन ग्रंथात दंडाला फडके बांधण्याचा प्रयोग आहे. करकचून बांधले तर हात पांढरा आणि गार पडतो, कारण रक्त येतच नाही. मध्यम आवळले तर हात लाल होऊन फुगतो, कारण येते पण जात नाही. या एका फरकावरून हार्वेने दाखवून दिले की रक्त खोलच्या वाहिन्यांतून बाहेर जाते आणि वरच्यांतून परत येते, ते फिरते. रोहिणीतून नीलेत ते नेमके कसे उतरते हे त्याला दिसले नव्हते. मधल्या केशवाहिन्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या 1661 मध्ये, हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. न दिसलेल्या दुव्यावर इतका विश्वास ठेवून लिहिलेले पुस्तक आमच्या वाचनात दुसरे नाही. त्याचे ते मध्यम आवळणे पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रवाह मोजण्याचे तंत्र झाले, आणि आमच्या मांड्यांपर्यंत पोचले.

आकडे आले. उजव्या पायाचा 3.1, डाव्याचा 2.4.

"दोन्ही नॉर्मलच आहेत सर," ती म्हणाली. "येतो एवढा फरक." तिने पट्टे सोडले, आमचे आभार मानले, आणि दारापर्यंत पोचवायला आली. आम्ही हसतमुखाने बाहेर पडलो. रिक्षात बसलो तेव्हा डावा पाय आधी आत टाकला होता की उजवा, याचा विचार आम्ही करू लागलो होतो.

आता, मराठी माणसाला डाव्या-उजव्याचा विचार तटस्थपणे करता येत नाही, याला त्याची भाषाच जबाबदार आहे. आपल्याकडे 'डावे-उजवे करणे' म्हणजेच भेद करणे, पंक्तिप्रपंच करणे. सरस ठरतो तो 'उजवा' ठरतो. लेकीसुनेची कूस 'उजवते'. देवाला कौल लावला आणि फूल उजवीकडून पडले की काम झाले; डावीकडून पडले की गुरव मान हलवतो. 'डावलणे' या क्रियापदात डावा हात उघडच दिसतो, आणि कोणत्याही भाषाशुद्धी-मंडळाने त्याची आजवर कणव केलेली नाही. अशा भाषेत तीस-पस्तीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसाला डावा पाय 2.4 आणि उजवा 3.1 असे सांगितल्यावर तो काय ऐकणार? त्याला ऐकू येते : डाव्याला डावलले जात आहे.

भाषेनेच दिलेला दुसरा एक विचारही आम्ही करून पाहिला. तो दिलाशाचा होता. आपण कवितेच्या ओळीलाही पाय दिले आहेत. पाद म्हणा, चरण म्हणा. आणि हे पाय सारखेच असले पाहिजेत असा छंदःशास्त्राचा मुळीच आग्रह नाही. चारही चरण सारखे ते समवृत्त. पहिला-तिसरा एक आणि दुसरा-चौथा एक ते अर्धसमवृत्त. चारही वेगळे ते विषमवृत्त. पुष्पिताग्रेत विषम चरण 12 अक्षरांचे आणि सम चरण 13 अक्षरांचे. वियोगिनीत 10 आणि 11. मदन जळाल्यावर रती जो विलाप करते तो कालिदासाने याच वियोगिनीत बांधला, चाल सारखी एक पाऊल कमी, एक पाऊल अधिक अशी पडत राहते. आपली ओवी तर उघडच आखूड चौथ्या चरणावर उभी आहे, आणि मोठ्या अभंगाचा हिशेब 6-6-6-4 असा आहे. वर्गात आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की तो तोकडा चरण ही उणीव नाही, ती विसाव्याची जागा आहे. तेथे श्वास घेता येतो, टाळ वाजतो, पुढची ओळ उचलता येते.

चार दिवस हा विचार पुरला. पाचव्या दिवशी आम्हांला अण्णा आठवले. खरे म्हणजे ते रिक्षातच आठवले होते. पुष्पिताग्रा आणि वियोगिनी ही त्यांना न आठवण्यासाठी केलेली खटपट होती.

अण्णा म्हणजे आमचे वडील. प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांचा एक नेम होता : संध्याकाळी घरून निघून गावच्या वाचनालयात जायचे, तेथे चार वृत्तपत्रे वाचायची, परत यायचे. 1987 च्या सुमारास आम्ही कनिष्ठ महाविद्यालयात नोकरीला नुकते लागलो होतो, आणि सुट्टीत घरी आलो की त्यांच्यासोबत जात असू. त्यांच्यासोबत चालणे ही आमच्या सहनशीलतेची परीक्षा असे. ते चालत आणि थांबत. पिंपळाच्या पारापाशी थांबत आणि पाराकडे बघत. पुढे शिंप्याच्या दुकानापाशी थांबत, शिंप्याला काही विचारत. पुढे ग्रामपंचायतीच्या फळ्यापाशी थांबून फळा वाचत. फळ्यावर आठ-आठ दिवस तोच मजकूर असे. पाणीपट्टी भरण्याची मुदत. आम्ही म्हणत असू, "अण्णा, हे तुम्ही काल वाचलंत." ते म्हणत, "अरे, तू हो पुढे. येतोच मी."

आम्ही पुढे होत असू. वाचनालयात जाऊन नियतकालिके चाळत बसत असू, आणि अण्णा आले की आमच्याहून मोठ्या वयाच्या वाचकांना ऐकू जाईल अशा बेताने घड्याळाकडे बघत असू. आईने एकदा सांगितले की ते रात्री डावी पोटरी चोळत बसतात. गावातल्या डॉक्टरांनी वात म्हटले, तेल दिले. अण्णा बिडी ओढत. ती सोडा असे कोणी त्यांना निक्षून सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही, आम्हीही सांगितले नाही. 1990 च्या थंडीत त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. शहरातल्या रुग्णालयात नेले तेव्हा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. पुढे ते वर्षभर जगले. त्या वर्षात त्यांनी वाचनालयाचे नाव काढले नाही.

या आजाराला वैद्यकात नाव आहे आणि बोलीतही आहे. पायाकडे जाणारी रोहिणी आतून चरबीने आणि चुन्याने अरुंद होते; तंबाखू हे त्याचे एक मोठे कारण. चालताना स्नायूला जास्त रक्त लागते, ते मिळत नाही, पोटरीत गोळा येतो, माणूस थांबतो. उभ्या उभ्याच दोन-चार मिनिटांत कळ ओसरते आणि तो पुन्हा चालू लागतो, जवळपास तेवढेच अंतर. भररस्त्यात उगाच उभे राहणे बरे दिसत नाही म्हणून अशी माणसे दुकानांपुढे उभी राहून काचेतला माल न्याहाळतात. जर्मन लोक या विकाराला दुकानाच्या काचांचाच आजार म्हणतात. आमच्या गावात तेव्हा काचेचे दुकान नव्हते. पाणीपट्टीचा फळा होता.

तेव्हा 2.4 हा आकडा आम्ही कोणत्या कानाने ऐकला हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. डावा पाय. घराण्याचा डावा पाय. आम्ही बिडी ओढलेली नाही, साखर वाढलेली नाही, चालताना कधी कळ आलेली नाही; पण पुरावा नसणे हे भीतीला कधीच आड येत नाही. रात्री दिवा मालवल्यावर आम्ही उठून बसत असू आणि पावलावर नाडी शोधत असू. ती घोट्याच्या पुढे, पावलाच्या पाठीवर, अंगठा वर उचलणाऱ्या स्नायुबंधाच्या किंचित बाहेर सापडते. उजव्या पायावर लगेच सापडे. डाव्यावर सापडत नसे. सापडल्यासारखी वाटे ती आमच्याच बोटाची निघे. (बोटाची आहे की पायाची हे ओळखायचा उपाय म्हणजे दुसऱ्या हाताने मनगटाची नाडी पाहणे नव्हे, कारण तिन्ही एकाच तालात चालतात. हे कळायला आम्हांला तीन रात्री लागल्या.) तेवढ्यात एकदा असे मनात आले की हीच ती जागा, जेथे वाकून नमस्कार करताना आपली बोटे टेकतात. अण्णांच्या पाया आम्ही दर सणाला, दर परीक्षेला, परगावी निघताना पडत आलो. शेकडो वेळा तेथे बोटे ठेवली आणि उचलली.

शेवटी आम्ही त्या विद्यार्थिनीला फोन केला आणि, जरा आडवळणाने, विचारले. तिने आडवळण ओळखले. "सर, या परत एकदा," ती म्हणाली. "आणि या वेळी बोललात तरी चालेल."

दुसऱ्या भेटीत तिने जे सांगितले आणि दाखवले, त्याचा बराच भाग आम्ही नंतर वाचून पडताळून घेतला. निरोगी माणसाचे दोन पाय रक्ताच्या बाबतीत सारखे असतात ही आमची समजूत पहिल्यापासूनच निराधार होती. पाय दोन असले तरी त्यांना रक्त देणारी योजना मुळातच एकांगी आहे. हृदयाकडून खाली येणारी महारोहिणी मणक्यांच्या डाव्या अंगाने उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर, कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, दुभंगते. परत जाणारी महानीला उजव्या अंगाने चढते. त्यामुळे डाव्या पायाकडून येणाऱ्या नीलेला महानीलेपर्यंत पोचायला तिरके, लांबचे जावे लागते; आणि नेमकी तिच्या अंगावरून उजव्या पायाकडे निघालेली रोहिणी ओलांडून जाते. मागे मणक्याचे हाड, पुढे ठोके देणारी रोहिणी, मध्ये ही मऊ नीला. (सुश्रुताने सातशे सिरांचे मूळ नाभी म्हटले आहे, हे आमच्यातल्या संस्कृतच्या माणसाला या ठिकाणी आठवले. त्यावरून आपल्याला सगळे आधीच ठाऊक होते असे अनुमान कोणी काढू नये. सुश्रुताची नाभी गर्भाच्या नाळेवरून आली असावी असे आम्हांस वाटते, आणि तेवढ्यानेही ती पुरेशी सुंदर आहे.)

या दाबाचे परिणाम लोकांनी फार पूर्वी पाहिले होते. पायाच्या खोलच्या नीलेत रक्ताची गुठळी होते ती उजव्यापेक्षा डाव्या पायात अधिक वेळा, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फिर्खोने नोंदवले. गरोदर बायकांत तर हा डावा कल फारच स्पष्ट असतो. 1957 साली ऑस्ट्रियातल्या माय आणि थर्नर या दोघांनी 430 शवांचे विच्छेदन करून पाहिले, तेव्हा 22 टक्के शवांत या दबलेल्या जागी नीलेच्या आत दाट पडदे वाढलेले आढळले. त्या विकाराला आता त्यांचेच नाव आहे. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट 2004 मधली. अमेरिकेतल्या काही शल्यविशारदांनी पोटदुखीसाठी तपासणीला आलेल्या, पायाची कसलीही तक्रार नसलेल्या, ओळीने 50 माणसांची चित्रे पाहिली. त्यांतल्या 24 टक्के लोकांची डावी नीला निम्म्याहून अधिक दबलेली होती, आणि पावाहून अधिक दबलेली तब्बल 66 टक्क्यांची. दोन-तृतीयांश माणसे ज्याने 'ग्रस्त' आहेत आणि ज्याचा त्यांना पत्ताही नाही, त्याला विकार म्हणायचे की रचना?

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. एखाद्या कवीच्या ओळी वारंवार विशिष्ट जागी अडखळतात, तेव्हा तो दोष की शैली, हे आपण त्या एका जागेकडे बघून ठरवत नाही.

रोहिण्यांच्या बाजूला अशी एकमार्गी कलंडण नाही. तेथे कधी उजवा पाय अधिक, कधी डावा. चेंडू ज्या पायाने मारतो तो पाय आणि तेव्हा शरीर ज्यावर पेलले जाते तो पाय यांचे स्नायू वेगळे घडतात. रॅकेट धरणाऱ्या खेळाडूंच्या त्या हाताची रोहिणी दुसऱ्या हाताच्या रोहिणीहून रुंद असते हे मोजले गेलेले आहे. पावलाच्या पाठीवरची ती नाडी तर कित्येक धडधाकट माणसांत जन्मतःच लागत नाही. तेथली रोहिणी बारीक असते किंवा वेगळ्या वाटेने जाते, आणि पावलाला रक्त दुसरीकडून मिळते. हे ऐकून आमच्या तीन रात्री एका वाक्यात निकालात निघाल्या. तिने आमच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे, बोट ठेवायला सांगितले. तेथे नाडी होती, चांगली ठसठशीत.

मग तिने पुन्हा पट्टे बांधले. डावा पाय 2.9, उजवा 2.6.

आम्ही उठून बसलो. ती हसली. हा प्रवाह ठोक्याठोक्याला, श्वासाश्वासाला बदलतो. पट्टा बोटभर वरखाली बांधला गेला तरी आकडा हलतो. एक पाय वाऱ्याच्या झोताकडे असला तरी हलतो. म्हणून पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढायची, दोन्ही पाय एकाच वेळी मोजायचे, आणि तरीही लहान फरकावर काही बांधायचे नाही. "मग पहिल्याच दिवशी हे का नाही सांगितलंस?" आम्ही विचारले. "सांगितलं होतं सर. येतो एवढा फरक, असं म्हणाले होते." हे खरे होते. तिचे वाक्य आम्ही ऐकले होते आणि त्याचा अर्थ आमचा आम्ही लावला होता. सांत्वन म्हणून बोललेले वाक्य असे आम्ही ते वाचले. ते विधान होते.

एवढ्यावर हा लेख आनंदाने संपवता आला असता, आणि आमच्या पुष्पिताग्रेचा विजय झाला असता. पण आम्ही एक प्रश्न विचारून बसलो. आमच्या वडिलांचा पाय तेव्हा असा उशीवर ठेवून मोजला असता, तर?

तिने थोडा विचार केला. मग सांगितले ते असे की अण्णा फळ्यापाशी थांबत होते त्या वर्षांत, खाटेवर निवांत पडलेले असताना, त्यांच्या पोटरीचा आकडा बहुधा आमच्यासारखाच आला असता. कदाचित दोन्ही पायांचे आकडे आमच्याहूनही अधिक जुळले असते. मोठी रोहिणी अरुंद झाली की तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या सैल होतात, आडवाटा रुंद होतात, आणि पडून असलेल्या पायाची गरज भागत राहते. ती गरज थोडीच असते. वाढीव मागणी आली की मगच उघडे पडते की देणाऱ्याकडे शिल्लक नाही. निरोगी स्नायू जोराने काम करताना विश्रांतीच्या कितीतरी पट रक्त मागतो आणि त्याला ते मिळते. कोपनहेगनमध्ये 1985 साली साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने एकाच पायाने लाथ मारायला लावून मोजले, तेव्हा मांडीच्या किलोभर स्नायूला मिनिटाला दोन लिटरांहून अधिक रक्त मिळताना आढळले. अण्णांच्या पोटरीला पारापर्यंत पुरेल एवढेच मिळत होते. म्हणजे निवांत पडलेल्या निरोगी माणसाच्या पायांत फरक दिसतो, आणि निवांत पडलेल्या रुग्णाच्या पायांत दिसेलच असे नाही. फरक हे रोगाचे लक्षण नाही आणि सारखेपणा हे आरोग्याचे नाही. त्याला चालायला लावावे लागते आणि त्याच्याबरोबर चालावे लागते.

हे शेवटचे वाक्य तिचे नाही, आमचे आहे. ती फक्त म्हणाली, "चालवून बघायला हवं होतं."

निघण्याआधी तिने आमच्या घोट्यावर डॉप्लरचे पेन टेकवून पायातल्या रक्ताचा आवाज ऐकवला. दुहेरी ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी डॉप्लरने 1842 साली प्राग येथे जे तत्त्व मांडले, ते शंभरेक वर्षांनी जपानी संशोधकांनी वाहत्या रक्तावर लावले, आणि आता ते पेनाएवढे होऊन कोणत्याही दवाखान्यात मिळते. आवाज तीन तुकड्यांचा होता. एक जोराचा फटकारा, मग एक आखूड, उलटा ओढल्यासारखा, मग एक हलका. मधला तुकडा म्हणजे रक्त क्षणभर मागे फिरते तो. विश्रांती घेणाऱ्या निरोगी पायाच्या रोहिणीत दर ठोक्याला रक्त पुढे जाते, थोडे मागे येते आणि पुन्हा पुढे जाते, याची आम्हांला कल्पनाही नव्हती. रोहिणी अरुंद झाली की हे मागे येणे प्रथम नाहीसे होते. मग उरतो तो एकसुरी, वाऱ्यासारखा आवाज. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब असाही एक हिशेब तिने करून दिला. तो 0.90 किंवा त्याखाली आला तर रोहिणी अरुंद झाल्याचे समजतात. आमचा उजवीकडे 1.12 आणि डावीकडे 1.08 आला. या वेळी आम्ही काही वाचले नाही. आकडे खिशात घातले.

गेल्या मार्गशीर्षात एका लग्नाच्या निमित्ताने गावी जाणे झाले. संध्याकाळी आम्ही जुन्या घराच्या उंबऱ्यापासून निघालो आणि पावले मोजत वाचनालयाच्या वाटेने गेलो. पिंपळाचा पार आहे; तेथवर 164 पावले भरली. शिंपी राहिला नाही, त्याच्या दुकानाच्या जागी मोबाइलची दुरुस्ती होते. पारापासून तेथवर 171. ग्रामपंचायतीची इमारत नवी झाली, पण फळा जुन्याच भिंतीवर आहे, 158. फळ्यापासून वाचनालयाच्या पायरीपर्यंत 166. ती पायरी चढण्यापूर्वीही अण्णा एकदा कठड्याला धरून थांबत, चपला झटकत, हे तेथे उभे राहिल्यावर आठवले.

सारी वाट चालायला आम्हांला सात मिनिटे लागली. अण्णांना अर्धा तास लागे, असे आम्ही त्या काळी आईला तक्रारीने सांगत असू.